हिरोशिमाचे दादालोक, पेटीबंद

शोझो हिरोनोला बोट कापून द्यायचे आहे. जुगाराच्या बैठकीत त्याने नको त्या माणसावर हात टाकला. आता माफी मागायची तर याकुझांच्या, म्हणजे जपानी टोळीवाल्यांच्या, रिवाजाप्रमाणे बोटाचे पेर पुढे ठेवायला हवे. अडचण एवढीच, की हा विधी नेमका कसा करतात हे टोळीत कुणालाच धड ठाऊक नाही. सगळी कालपरवापर्यंत फौजेत असलेली पोरे. शेवटी म्होरक्याची बायको पुढे होते. तिने हा प्रकार पूर्वी पाहिलेला असतो, म्हणून सुरी कशी धरायची, जोर कुठे द्यायचा हे ती समजावून सांगते. घाव बसतो आणि बोट उडून कुठल्या कुठे जाते. मग ही सगळी दांडगी माणसे अंगणात ओणवी होऊन तुकडा शोधत फिरतात. सापडतो तो कोंबड्यांमध्ये.

जानेवारी १९७३ मध्ये तोएई कंपनीने प्रदर्शित केलेल्या ‘जिंगी नाकी तताकाई’ या चित्रपटातला हा प्रसंग आहे. ‘जिंगी’ म्हणजे टोळीवाल्यांचा इमान-धर्म, आणि नावाचा अर्थ तो इमान-धर्म नसलेल्या लढाया. त्या काळच्या जपानी प्रेक्षकाला हा प्रसंग किती झोंबला असेल हे कळायला त्याआधीची दहा वर्षे डोळ्यांसमोर आणावी लागतात. १९६३ पासून तोएईने ‘निंक्यो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटांचा घाणाच घातला होता. त्यांचा नायक अंगावर गोंदलेला, किमोनो घातलेला, मितभाषी जुगारी. केन ताकाकुरा किंवा कोजी त्सुरुता शेवटपर्यंत अपमान गिळायचे आणि शेवटच्या रिळात तलवार घेऊन एकटे शत्रूच्या घरात शिरायचे. त्या चित्रपटांत बोट कापणे म्हणजे जवळजवळ पूजाविधी. तो विधी कोंबड्यांपर्यंत नेऊन सोडणारा दिग्दर्शक काय म्हणतो आहे, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

निंक्यो चित्रपटांचा बहर तोवर ओसरतच होता. स्त्री-जुगाऱ्याच्या भूमिकेने गाजलेली जुंको फुजी १९७२ मध्ये लग्न करून पडद्यावरून निवृत्त झाली. त्याच वर्षी ‘गॉडफादर’ जपानमध्ये लागला. तोएईचे अध्यक्ष शिगेरू ओकादा मूळचे हिरोशिमा प्रांतातले, आणि कंपनीला नवे काहीतरी हवेच होते. ते सापडले एका साप्ताहिकात. कुरे शहरातला एक खराखुरा म्होरक्या, कोझो मिनो, याने तुरुंगात बसून आपली कैफियत शेकडो पाने लिहून काढली होती. कोइची इइबोशी या पत्रकाराने ती ‘शुकान सांकेई’त लेखमालेच्या रूपात मांडली. माणसे खरी, गावे खरी, मुडदेही खरे.

पटकथा लिहायला कंपनीने काझुओ कासाहाराला धाडले. तोवर त्याची हयात निंक्यो चित्रपट लिहिण्यात गेलेली, त्यामुळे मोडायची ती चौकट त्याला आतून माहीत होती. तो मिनोला भेटायला कुरेला गेला तेव्हा मिनोने आधी साफ नकार दिला. पण बोलता बोलता निघाले, की युद्धकाळात दोघेही ओताकेच्या नौदल तळावर होते. मग बाटली उघडली गेली आणि बोलणे सुरू झाले. कासाहाराने हिरोशिमाच्या वीस वर्षांच्या भांडणांतली नाती, देणीघेणी, सूड यांचे टिपण इतके बारकाईने केले, की पुढच्या भागांची सामग्री त्यातूनच निघत गेली. नावे तेवढी बदलली. मिनोचा हिरोनो झाला.

दिग्दर्शक किंजी फुकासाकू, जन्म १९३०, मितो. युद्धाच्या शेवटच्या वर्षी पंधरा वर्षांचा हा पोरगा वर्गमित्रांबरोबर शस्त्रास्त्रांच्या कारखान्यात कामाला जुंपलेला होता. कारखान्यावर तोफगोळे पडले तेव्हा पोरे एकमेकांच्या अंगाखाली दडली, आणि नंतर प्रेतांचे तुकडे गोळा करायचे कामही त्यांच्याच वाट्याला आले. मोठ्यांच्या जगावरचा त्याचा विश्वास तिथेच संपला, असे तो आयुष्यभर सांगत राहिला. ‘बॅटल रोयाल’ हा २००० सालचा त्याचा गाजलेला चित्रपटही त्याच आठवणीतून आला. त्याला कॅमेरा तिवईवर ठेवायचा नसे. मारामारी सुरू झाली की कॅमेरा खांद्यावर घेतलेला माणूस गर्दीत घुसतो, धक्के खातो, चौकट तिरपी होते, कोण कुणाला मारते आहे ते क्षणभर कळत नाही. पिस्तूल झाडणाराही भेदरलेला, अंगावर गोळी घेणाराही भेदरलेला. माणूस पटकन मरत नाही, सरपटतो, ओरडतो, परत गोळी खातो. सराईत मारेकऱ्याची ऐट इथे औषधालाही नाही.

चित्रपट उघडतो अणुबॉम्बच्या ढगाच्या छायाचित्रावर, आणि मग येतो १९४६ मधला कुरेचा काळा बाजार. कुरे हिरोशिमापासून जवळ, नौदलाच्या गोदीचे शहर. ‘यामातो’ ही अजस्र युद्धनौका इथेच बांधली गेली. युद्ध संपले, गोदी बसली, आणि सैन्यातून सुटलेली हजारो तरणी पोरे हाताला काम नसताना रस्त्यावर आली. पहिल्या काही मिनिटांत अमेरिकी सैनिक भरबाजारात एका बाईवर हात टाकतात आणि हिरोनो मध्ये पडतो. इतिहासाच्या दृष्टीने इथे एक मेख आहे. १९४६ च्या सुरुवातीपासून कुरे आणि आसपासचा पट्टा अमेरिकनांकडून ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेकडे आला होता. कुरेच्या गल्ल्यांत दिसायचे ते मुख्यतः ऑस्ट्रेलियन. त्याच राष्ट्रकुल फौजेत ब्रिगेडियर थिमय्यांच्या हाताखाली एक भारतीय ब्रिगेड होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण. म्हणजे या चित्रपटातली पोरे पत्र्याच्या टपऱ्यांत चोरीचा माल विकत होती, त्या दिवसांत सातारा-कोल्हापूरकडचे काही जवान पश्चिम जपानात पहाऱ्यावर उभे होते. चित्रपटाला त्यांच्याशी कर्तव्य नाही, पण आपण बघताना हे मनात आल्यावाचून राहत नाही.

गोष्ट सांगायची तर ती एका वाक्यात मावते आणि तपशिलात गेले तर कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते. हिरोनो एका खुनापायी तुरुंगात जातो, तिथे वाकासुगी या दुसऱ्या टोळीतल्या माणसाशी रक्ताचे भाऊपण जोडतो, बाहेर आल्यावर यामामोरी नावाच्या म्होरक्याच्या टोळीत शिरतो. नोबुओ कानेकोने रंगवलेला हा यामामोरी मला सबंध मालिकेतला सर्वांत मोठा शोध वाटतो. निंक्यो चित्रपटात म्होरक्या म्हणजे बापाच्या जागी असलेला, शब्दाला जागणारा पुरुष. हा चिकट, भित्रा, पैशाला हपापलेला. कुणाला तरी मारायला पाठवायचे असले की हा गळा काढतो. नवरा-बायको दोघे रडतात, पोरांच्या पायांशी लोळण घ्यायचीच काय ती बाकी राहते. पोरे पाघळतात. हिरोनो पुढे होऊन खून अंगावर घेतो, पुन्हा आत जातो, आणि सुटून येईपर्यंत दिलेला शब्द यामामोरी सोयीस्कर विसरलेला असतो. ज्याने केसाने गळा कापला तोच मयताला सर्वांत मोठा हार पाठवतो. आपल्याकडे सहकारी संस्थांच्या निवडणुका ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत त्यांना यामामोरी ओळखीचा वाटेल.

टोळी फुटते. हिरोकी मात्सुकाताने केलेला साकाई यामामोरीवर उलटतो, काही काळ त्याला गुंडाळूनही ठेवतो, आणि मग खेळण्यांच्या दुकानात पोरासाठी खेळणे घेताना गोळ्या घालून मारला जातो. त्याच्या अंत्यविधीला गावभरचे दादालोक काळ्या सुटात रांगेने बसलेले असतात. फुलांच्या चळती, उदबत्त्या, वर मांडलेला फोटो. हिरोनो साध्या कपड्यांत येतो, मेलेल्या मित्राच्या फोटोशी दोन शब्द बोलतो, पिस्तूल काढतो आणि कुणा माणसावर न झाडता त्या सजवलेल्या वेदीवरच गोळ्या झाडतो. यामामोरी दम भरतो तेव्हा अजून गोळ्या शिल्लक आहेत एवढेच सांगून निघून जातो. बुंता सुगावाराचा चेहरा इथे पाहावा. चाळिशीला टेकलेला हा नट या एका चित्रपटाने जपानचा आघाडीचा तारा झाला.

आता या चित्रपटाची सर्वांत ओळखीची खूण. कुणी मेला की चित्र जागच्या जागी थांबते. वेडावाकडा झालेला चेहरा, उघडे तोंड, आणि बाजूला अक्षरे उमटतात : नाव, टोळी, मृत्यूची तारीख. तोशिआकी त्सुशिमाचा कर्कश पितळी ठेका वाजतो आणि चित्र पुढे निघते. निवेदकाचा आवाज बातमीपत्रासारखा कोरडा. हे तंत्र वर्तमानपत्राचे आहे, आणि या चित्रपटांना जपानीत ‘जित्सुरोकु’, म्हणजे खऱ्या नोंदींवर बेतलेले, असे जे म्हणू लागले ते यामुळेच. पण नोंदीचा परिणाम उलटा होतो. वीसेक वर्षांच्या पोराचे नाव तारखेसकट पडद्यावर येते, तेव्हाच लक्षात येते की पुढच्या प्रसंगात त्याचा उल्लेखही होणार नाही. मरणाची दखल घ्यायला एवढी कारकुनी, आणि त्या मरणाने टोळीच्या हिशेबात तसूभरही फरक पडत नाही. फुकासाकूचा राग मला या थांबलेल्या चित्रांत सर्वांत जास्त दिसतो.

चित्रपट तुफान चालला. ‘किनेमा जुंपो’ या प्रतिष्ठित चित्रपट मासिकाने त्याला त्या वर्षीच्या यादीत दुसरा क्रमांक दिला, आणि २००९ मध्ये याच मासिकाने सर्वकाळच्या जपानी चित्रपटांची यादी केली तेव्हा तो पाचवा होता. तोएईला अर्थातच यादीशी देणेघेणे नव्हते, गल्ल्याशी होते. जानेवारी १९७३ ते जून १९७४ या दीड वर्षात या मालिकेचे पाच चित्रपट निघाले. पहिल्या चारांच्या पटकथा कासाहाराच्या. पाचव्याच्या वेळी त्याने हात वर केले आणि ते काम कोजी ताकादाने केले. दुसऱ्या भागात सनी चिबा आणि किन्या किताओजी यांच्या भूमिकांची ऐन वेळी अदलाबदल झाली, आणि चिबाने रंगवलेला अर्वाच्य, बीभत्स ओतोमो हा त्याच्या कराटेपटांपेक्षाही जास्त लक्षात राहतो. क्योतोच्या स्टुडिओत वर्षानुवर्षे फक्त मरायचे काम करणारे फुटकळ नट होते. फुकासाकूने त्यांना चेहरे दिले, संवाद दिले. त्यांतला ताकुझो कावातानी तिसऱ्या भागात मोठ्या भूमिकेत दिसतो आणि पुढे नावाजलेला नट होतो.

पाच चित्रपट, डझनावारी टोळ्या, शेकडो माणसे. एकच नट एका भागात मरतो आणि पुढच्या भागात वेगळ्या नावाने जिवंत होऊन येतो. तिसऱ्या भागात कोबेच्या दोन बड्या संघटना हिरोशिमात आपापली प्यादी हलवू लागतात, तेव्हा तर कोण कुणाचा मानलेला भाऊ हे लक्षात ठेवणे अशक्य होते. चित्रपटगृहात ही नावे तीन सेकंदांत नाहीशी होतात. म्हणूनच मला वाटते, की हा चित्रपट गल्ल्यासाठी घाईघाईत काढलेला असला तरी तो पुरता उलगडला घरच्या पडद्यावर, जिथे आपणही चित्र थांबवू शकतो आणि मागे जाऊ शकतो. दिग्दर्शकाने जिथे चित्र थांबवले नेमके तिथेच प्रेक्षकाचेही बोट बटणावर जाते.

व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात मात्र या चित्रपटाचे हाल झाले असणार, आणि त्याचे कारण साध्या गणितात आहे. तो रुंद पडद्यासाठी चित्रित झालेला, चौकटीची रुंदी उंचीच्या जवळजवळ २.३५ पट. जुन्या दूरचित्रवाणीचा पडदा १.३३ पट. अख्खा पडदा भरायचा तर चित्राचा सुमारे ४३ टक्के भाग कापून फेकावा लागतो. फुकासाकू चौकटीत दहा-बारा माणसे कोंबतो, एक बोलत असतो, कडेचा दुसरा त्याच्याकडे संशयाने पाहत असतो. कापाकापीत हा कडेचाच माणूस जातो, आणि या गोष्टीत सारे कारस्थान कडेच्या माणसाचे असते. खुद्द तोएईने मात्र कॅसेटचा बाजार बरोबर ओळखला. १९८९ पासून तिने ‘व्ही-सिनेमा’ या नावाने थेट कॅसेटसाठी चित्रपट काढायला सुरुवात केली. चित्रपटगृहांतून हद्दपार झालेला याकुझा भाड्याच्या कॅसेटच्या दुकानात जाऊन राहिला. ताकाशी मिइकेसारखे दिग्दर्शक याच कारखान्यात घडले.

जपानबाहेर ही मालिका नीट पोचली ती २००४ मध्ये. अमेरिकेत होम व्हिजन कंपनीने ‘याकुझा पेपर्स’ या नावाने पाचही चित्रपटांची डीव्हीडी पेटी काढली, सोबत माहितीपर मुलाखतींची सहावी तबकडी. फुकासाकू त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी २००३ मध्ये गेला होता. मग २०१५ मध्ये पहिल्या चित्रपटाची जीर्णोद्धार केलेली प्रत कान महोत्सवाच्या अभिजात चित्रपटांच्या विभागात दाखवली गेली, आणि त्याच वर्षाअखेर ब्रिटनच्या ॲरो कंपनीने सगळ्या मालिकेची ब्लू-रे पेटी काढली. मर्यादित प्रती, जाड बांधणीचे पुस्तक, लेख, मुलाखती. दीड वर्षात पाच उरकायचे म्हणून जे काढले ते आता ग्रंथावळीसारखे फडताळात बसले.

जुन्या चित्रपटाचा जीर्णोद्धार म्हणजे फक्त धूळ पुसणे असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात मूळ ३५ मिमी निगेटिव्हची एकेक चौकट स्कॅन होते. सेकंदाला २४ चौकटी, चित्रपट ९९ मिनिटांचा, म्हणजे १ लाख ४२ हजारांहून अधिक चौकटी. त्यांतले ओरखडे, डाग, केस काढायचे. पण फिल्मवर जे बारीक कण सळसळताना दिसतात ते काढायचे नाहीत, कारण चित्र त्या कणांचेच बनलेले असते. संगणकाला मोकाट सोडले तर तो कण घालवून चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे गुळगुळीत करतो. या चित्रपटात तर पेच आणखी अवघड आहे. हलता कॅमेरा, अंधारे कोपरे, अस्पष्ट चेहरे, हे सगळे मुद्दाम केलेले. घाण म्हणून जे दिसते त्यातले काळाने लावलेले कोणते आणि फुकासाकूने लावलेले कोणते, हे प्रत्येक दृश्यात ठरवावे लागते.

चांगल्या ब्लू-रे प्रतीवर एक गंमत अगदी जवळून पाहता येते. ते थांबलेले चित्र कॅमेऱ्यात होत नसे. प्रयोगशाळेत ऑप्टिकल प्रिंटर नावाच्या यंत्रावर एकच चौकट पुन्हा पुन्हा नव्या फिल्मवर छापत आणि त्यावर अक्षरे चढवत. म्हणजे तेवढा तुकडा हा प्रतीची प्रत. त्यामुळे माणूस मरतो त्या जागी चित्र किंचित भरडे, मऊ होते. मोठ्या पडद्यावर बारकाईने पाहिले तर मूळ चौकटीतले कण चेहऱ्यासकट थिजलेले आणि त्यावर दुसऱ्या फिल्मचे कण वळवळत असलेले दिसतात. नजर सरावली की अक्षरे यायच्या आधीच कळते, याचा आता खेळ संपला. एरवी हा दोष म्हटला असता. इथे तो दुरुस्त करायला गेले तर चित्रपटाचाच एक अवयव जाईल.

आपल्याकडच्या हौशी संग्राहकाने ही पेटी परदेशातून मागवायची झाली तर विभागांची भानगड आधी समजून घ्यावी. ब्लू-रेसाठी जग तीन विभागांत वाटलेले आहे. जपान-अमेरिका ‘ए’, ब्रिटन-युरोप ‘बी’ आणि भारत ‘सी’. विभागाला कुलूपबंद तबकडी आपल्या साध्या यंत्रावर चालत नाही, त्यासाठी सर्व विभाग वाचणारे यंत्र लागते. पैसे मोजून पेटी घरी आणायची आणि ती चालू नये, हा यामामोरीला शोभणारा व्यवहार आहे.

या चित्रपटांचे खऱ्या जगाशी असलेले नाते कधी कधी अंगावर आले. १९७७ च्या फेब्रुवारीत फुकासाकूचा ‘होकुरिकू दाइरी सेन्सो’ लागला. फुकुई भागातल्या एका हयात म्होरक्यावर तो बेतलेला होता, आणि त्यात एका कॉफीच्या दुकानात त्याच्यावर हल्ला होतो. एप्रिलमध्ये तो खरा म्होरक्या त्याच दुकानात मारला गेला. यानंतर फुकासाकूने या जातीचा चित्रपट काढला नाही. १९६३ च्या सुमारास जपानी पोलिसांच्या नोंदीत १ लाख ८४ हजार याकुझा होते, १९९२ पासून लागू झालेल्या टोळीविरोधी कायद्यानंतर ती संख्या घसरत घसरत २० हजारांच्या आसपास आली. पडद्यावरच्या दोन पिढ्यांचे चेहरे, केन ताकाकुरा आणि बुंता सुगावारा, एकाच महिन्यात गेले, नोव्हेंबर २०१४ मध्ये. ‘किल बिल’मधली जी धून जगभर जाहिरातींपासून क्रिकेटच्या मैदानापर्यंत वाजते ती तोमोयासु होतेइने २००० साली या मालिकेच्या नव्या अवतारासाठी केली होती. दिग्दर्शक टॅरंटिनोने ‘किल बिल’ फुकासाकूला अर्पण केला आहे. धून ठाऊक असलेल्यांपैकी हजारात एकानेही हिरोनोचे नाव ऐकलेले नसेल.

पेटी हाती आली की आत एक मोहात पाडणारी गोष्ट मिळते. १९८० मध्ये मालिका जोडून, कापून २२४ मिनिटांची एक संकलित आवृत्ती तयार केली होती, ॲरोच्या पेटीत तीही आहे. पाच चित्रपट पाहायला सव्वाआठ तास जातात, मग चार तासांत उरकते तर काय वाईट, असे वाटते. पण आधी ती पाहू नये. अर्ध्याहून अधिक ऐवज गाळून कारस्थानाचा धागा तेवढा उरतो, आणि या गोष्टीत धाग्याला फारशी किंमत नाही. तेच डाव, तीच रडारड, तेच शब्द फिरवणे पाच वेळा पाहावे लागते तेव्हा हिरोनोला आलेला वीट आपल्याला येतो. पहिला आणि दुसरा भाग एका आठवड्यात पाहावा. तिसरा पाहताना खरोखरच कागद घेऊन बसावे, कारण तो सर्वांत गुंतागुंतीचा आणि माझ्या मते सर्वांत चांगला आहे. चौथा त्याला जोडूनच. पाचवा कासाहाराविना झाला आहे हे जाणवते, पण तोवर यामामोरीचे पुढे काय होते हे पाहिल्याशिवाय सुटका नसते.